मधला मुखत्यार

ग्वाल्हेरच्या जयेंद्रगंजातल्या जुन्या हायकोर्टाच्या गल्लीत दुसऱ्याच्या वतीने बोलण्याचा व्यवसाय फार जुना आहे. न्यायालय नव्या इमारतीत गेले, तरी गल्लीचे नाव गेले नाही आणि वकिलांच्या पाट्याही सगळ्या उतरल्या नाहीत. वकालतनामा, मुखत्यारपत्र, प्रतिज्ञालेख, नकलेचा अर्ज असल्या कागदांची येजा तिथे अजून चालू असते, आणि पक्षकार, वकील व मुन्शी यांच्या हिंदी बोलण्यात एखादे मराठी वाक्य सहज येऊन जाते, कारण दौलतराव शिंद्यांनी १८१० साली किल्ल्याच्या पायथ्याशी ठोकलेल्या छावणीतून जे लष्कर नावाचे शहर उभे राहिले, त्यातली मराठी घरे अद्याप पुष्कळशी नांदती आहेत. अशाच एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर, कूलरच्या घरघरीत, एक तरुण व त्याची बहीण वकिलांच्या कचेऱ्यांसाठी एक ॲप तयार करीत आहेत: त्यात पेशीच्या तारखा राहतील, पक्षकारांचे पत्ते राहतील, फीची आवक मांडली जाईल आणि पैसे भरण्याची सोयही होईल. ते तपासून देण्याचे काम माझ्याकडे असल्याने माझे तिथे बसणे असते. त्या खोलीत, टेबलावरच्या लॅपटॉपमध्ये, खालच्या गल्लीतल्यासारखाच एक मुखत्यार आम्ही तैनात केला आहे. त्याला प्रॉक्सी सर्व्हर म्हणतात.

प्रोग्रॅम आणि त्याला लागणारा दूरचा सर्व्हर यांच्यामध्ये उभा राहून प्रोग्रॅमच्या वतीने बोलणी करतो तो फॉरवर्ड प्रॉक्सी. प्रोग्रॅमने आपली मागणी थेट सर्व्हरकडे न पाठविता याच्या हाती द्यावयाची, याने ती स्वतःच्या जोडणीवरून पुढे न्यावयाची, आलेले उत्तर आणून पोचते करावयाचे, आणि या सगळ्या येण्याजाण्याची नोंद आपल्या बारनिशीत ठेवावयाची, एवढाच त्याचा अधिकार व एवढेच त्याचे कर्तव्य. रिव्हर्स प्रॉक्सी म्हणून जो दुसरा प्रकार मोठमोठ्या संकेतस्थळांच्या दाराशी उभा असतो, तो सर्व्हरचा माणूस होय. हा मात्र पक्षकाराचा. म्हणूनच प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला व तपासणाऱ्याला याचा उपयोग अधिक, कारण आपल्याच प्रोग्रॅमने बाहेर जाऊन नेमके काय मागितले, कोणाकडे मागितले, किती वेळ वाट पाहिली आणि उत्तर न आल्यावर काय केले, हे प्रोग्रॅमच्या स्वतःच्या सांगण्यावर विसंबून न राहता बघावयाचे असेल, तर मध्ये एक त्रयस्थ असावाच लागतो.

या मध्यस्थाचा जन्म मात्र तपासणीसाठी झाला नव्हता. १९९४ च्या मे महिन्यात जिनिव्हाजवळ सर्न या संशोधनसंस्थेत वर्ल्ड वाइड वेबची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिच्यात आरी लुओतोनेन व केव्हिन आल्टिस यांनी वेबच्या प्रॉक्सींवर निबंध सादर केला. फायरवॉलआड काम करणाऱ्यांना बाहेरची पाने वाचता यावीत, आणि एकाने मागविलेले पान जवळ ठेवून ते दुसऱ्याला तत्परतेने देता यावे, हे त्यातले दोन मुख्य हेतू होते. १९९६ पासून ड्वेन वेसल्स यांच्या पुढाकाराने वाढलेल्या स्क्विडने हे दोन्ही हेतू फार मोठ्या प्रमाणावर साध्य केले. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांना इंटरनेट खुले केले, आणि त्यानंतरच्या काळात अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या वसतिगृहांत राहिलेल्या पुष्कळांना ब्राउझरच्या रकान्यात एक आकडेरूप पत्ता व त्यापुढे ३१२८ हा पोर्ट भरल्यावाचून बाहेरचे जग दिसत नसे. तो ३१२८ स्क्विडचा नेहमीचा पोर्ट. त्या पिढीच्या मनात प्रॉक्सी म्हणजे अमुक बघावयास मनाई करणारा चौकीदार, हीच समजूत घट्ट बसली, आणि ती त्या अनुभवापुरती गैरवाजवी म्हणता येणार नाही.

आमच्या खोलीतला मुखत्यार त्या खानदानातला असला तरी त्याचा संसार फार लहान आहे. टायनीप्रॉक्सी हे त्याचे नाव. १९९८ साली स्टीव्हन यंग यांनी तो सी भाषेत लिहावयास घेतला, रॉबर्ट जेम्स केस यांनी तो पुढे नेला, आणि २००९ च्या सुमारास मुकुंद शिवरामन व मायकेल ॲडम यांनी त्याला पुन्हा हुशारी आणली. पाने साठवून ठेवण्याचा खटाटोप तो करीत नाही; त्याच्या माहितीपत्रकाप्रमाणे त्याला साधारण २ एमबी एवढीच स्मृती पुरते. आजच्या लॅपटॉपमध्ये ब्राउझरचे एक पान याहून कितीतरी अधिक जागा अडवते, तेव्हा काटकसर हे त्याच्या निवडीचे खरे कारण नव्हे. त्याचा सगळा कारभार एका माणसाला एका बैठकीत समजून घेता येतो, हे खरे कारण. ज्याच्या साक्षीवर आपण दुसऱ्याचा दोष ठरविणार, त्या साक्षीदाराची वागणूक आधी आपल्याला पुरती ठाऊक असली पाहिजे. अन्यथा उत्तर उशिरा आले ते ॲपमुळे, सर्व्हरमुळे की मधल्या गृहस्थाच्या एखाद्या अज्ञात लहरीमुळे, याचा निवाडा होत नाही.

त्याची नेमणूक एका साध्या मजकुराच्या फायलीने होते. पोर्ट या शब्दापुढे ८८८८ लिहावयाचे. लिसन या शब्दापुढे त्याने कोणत्या पत्त्यावर कान देऊन बसावयाचे ते. अलाऊ या शब्दापुढे ज्याच्याकडून मागणी स्वीकारावयाची मुभा आहे त्याचा पत्ता, आणि आमच्या बाबतीत तो १२७.०.०.१, म्हणजे याच लॅपटॉपमधला पक्षकार, बाहेरचा कोणी नाही. कनेक्टपोर्टपुढे ४४३, म्हणजे कुलूपबंद बोलणी फक्त याच दारातून. टाइमआउटपुढे ६०० सेकंदांची मुदत. लॉगलेव्हलपुढे इन्फो. मग टर्मिनलमध्ये त्याला पार्श्वभूमीत न दवडता डोळ्यांसमोरच चालू करावयाचे, म्हणजे त्याची बारनिशी ओळीओळीने सरकताना दिसू लागते: आरंभी नोंदीचा प्रकार, मग तारीख व वेळ, मग कंसात प्रक्रियेचा क्रमांक, आणि शेवटी एक रुक्ष वाक्य की अमुक पत्त्याचा पक्षकार आला, त्याने अमुक मागितले, अमुक यजमानाशी जोडणी झाली, आणि अखेरीस दोन्ही बाजूंच्या जोडण्या बंद झाल्या. या वाक्यांत विशेषण नाही व मतप्रदर्शनही नाही. कारकुनी गद्याचा तो उत्तम नमुना आहे, आणि सरावाने ते वर्तमानपत्रासारखे भराभर वाचता येते.

मागणी कुलूपबंद नसेल तर मुखत्याराचे खरे कसब तिथे दिसते. एरवी ब्राउझर सर्व्हरशी थेट बोलतो तेव्हा पहिल्या ओळीत तो ‘गेट’ म्हणून पुढे नुसती वाट लिहितो, कारण ज्याच्या दारात आपण उभे आहोत त्याला त्याचेच नाव सांगावे लागत नाही. प्रॉक्सीकडे जाताना मात्र त्याच ओळीत त्याला यजमानाच्या नावासह संपूर्ण पत्ता लिहावा लागतो. टायनीप्रॉक्सी ती ओळ वाचतो, यजमानाचे नाव वेगळे काढतो, त्या नावाचा आकडेरूप पत्ता शोधून जोडणी उघडतो, आणि पुढे पाठविताना पूर्ण पत्ता काढून पुन्हा नुसती वाट ठेवतो. नंतर मागणीसोबतचे हेडर एकेक हाती घेतो. त्यांतले बहुतेक पक्षकाराचे सर्व्हरला असतात, त्यांना हात लावावयाचा नाही; परंतु काही केवळ या दोघांमधल्या जोडणीपुरते असतात. जोडणी चालू ठेवावी की तोडावी, प्रॉक्सीला दाखवावयाचा परवाना कोणता, अशी ती खाजगी बोलणी पुढे नेणे म्हणजे पक्षकाराने वकिलाच्या कानात सांगितलेले न्यायासनासमोर मोठ्याने वाचून दाखविणे होय. म्हणून ती तिथेच काढावयाची, आणि आपण मध्ये होतो हे प्रामाणिकपणे कळविणारे ‘व्हाया’ नावाचे एक हेडर आपल्या नावानिशी जोडावयाचे. एचटीटीपीची १.१ ही आवृत्ती १९९७ साली प्रथम लिहिली गेली व २०२२ साली नव्याने मांडली गेली. परंतु काय न्यावे, काय काढावे आणि काय जोडावे ही मध्यस्थाची आचारसंहिता त्या सगळ्या काळात मुळात तशीच राहिली आहे.

आणि ही आचारसंहिता नाममात्र नाही, याचा पडताळा याच टायनीप्रॉक्सीने दिला. कोणते हेडर पुढे नेऊ नयेत याची यादी पक्षकार ‘कनेक्शन’ या हेडरात देऊ शकतो. प्रॉक्सीने ती यादी वाचून एकेक नाव खोडीत जावयाचे. एखाद्याने त्या यादीत ‘कनेक्शन’ हेच नाव घातले तर? १.११.१ या आवृत्तीत प्रॉक्सी ते हेडर निष्ठेने खोडून त्याची स्मृतीतली जागा मोकळी करीत असे, आणि लगेच पुढचे नाव वाचण्यासाठी त्याच मोकळ्या केलेल्या जागेकडे पुन्हा वळत असे. म्हणजे हुकूमनामा वाचीत असतानाच तो जाळून टाकून उरलेला मजकूर राखेत शोधण्याचा प्रकार. सिस्कोच्या टालोस या पथकाने हा दोष शोधला. गांभीर्याच्या १० पैकी ९.८ अंकांवर त्याची नोंद झाली. तो कळविणारे पत्र जुन्या पत्त्यावर गेल्यामुळे आपल्याला वेळेवर समजलेच नाही, असे प्रोग्रॅम सांभाळणाऱ्यांनी सांगितले. २०२४ च्या मे महिन्यात त्यांच्या कानी वार्ता येताच दुरुस्ती झाली, आणि ती १.११.२ या आवृत्तीत आली. त्याच महिन्यात सेन्सिस या संस्थेने पाहिले तेव्हा जगात ९०,००० हून अधिक यंत्रांवरचा टायनीप्रॉक्सी बाहेरच्या कोणालाही दिसेल असा उघडा होता. स्वतःच्या यंत्रापुरती मुभा देणारी ती अलाऊची एक ओळ किती मोलाची आहे, हे त्या आकड्यावरून उमजते.

आता बहुतेक बोलणी कुलूपबंद असतात, आणि तिथे मुखत्याराचा कारभार अगदी वेगळा. ब्राउझर त्याला मागणी सांगतच नाही. ‘कनेक्ट’ असे म्हणून यजमानाचे नाव व ४४३ हा पोर्ट एवढेच सांगतो. प्रॉक्सी जोडणी उघडतो, ‘२००’ या आकड्याने ती झाल्याचे कळवितो, आणि त्या क्षणापासून आंधळा होतो: इकडचे बाइट तिकडे, तिकडचे इकडे, ना वाचणे ना बदलणे. ही युक्ती नेटस्केपमध्ये असताना लुओतोनेन यांनीच गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात मांडली आणि २००० सालच्या एका मानकपत्रात तिला स्थान मिळाले. त्या वाहत्या बाइटांपैकी पहिला पाहिला तर तो २२ हा आकडा असतो, म्हणजे टीएलएसच्या ओळखपाळखीचा आरंभ. त्या पहिल्या खलित्यात यजमानाचे नाव अजून सहसा उघडे वाचता येते, आणि नंतरचे बहुतेक सगळे मुद्रांकित. तेव्हा प्रॉक्सीला कोणाशी, केव्हा, किती वेळ व सुमारे किती बोलणे झाले हे कळते. काय बोलणे झाले ते कळत नाही. नवख्या माणसाला हे उणेपण वाटते. माझ्या मते तपासणीचे अर्धे काम एवढ्यावरच भागते.

याचे प्रत्यंतर आमच्याच ॲपने दिले. पेशीच्या तारखा दाखविणाऱ्या पानाला बाहेरच्या दोन ठिकाणांपलीकडे कोणाशी बोलण्याचे प्रयोजन नव्हते. बारनिशीत मात्र तिसरे एक नाव वारंवार येऊ लागले. भावाबहिणीने आपल्या कोडमध्ये शोधले तेव्हा त्यांनी लिहिलेल्या एकाही ओळीत ते नाव नव्हते. शेवटी आलेख काढण्यासाठी आणलेल्या तयार लायब्ररीच्या पोटात, वापराची आकडेवारी तिच्या कर्त्याकडे कळविण्याची सोय सापडली, आणि ती बंद करण्याचा मार्गही तिच्या माहितीपत्रकात निघाला. यात कपट होते असे नाही. परंतु वकिलाच्या कचेरीतील प्रोग्रॅम पक्षकाराच्या नकळत तिसऱ्याशी बोलतो, ही गोष्ट वकिलाने खपवून घ्यावी अशी नव्हे. त्यानंतर आम्ही फिल्टरची फाईल घातली, आणि ‘फिल्टरडिफॉल्टडिनाय’ ही ओळ चालू केली, ज्यामुळे यादीत असेल त्यालाच वाट व बाकी सर्वांना ४०३ या आकड्याने मनाई. आता कोणी नवी लायब्ररी आणली आणि ती परस्पर बाहेर डोकावू लागली, की चाचणी तिथेच अडते.

तपासणीचे दुसरे अर्ध अधिक खडतर आहे, कारण तिथे मध्यस्थाकडून मुद्दाम बेइमानी करून घ्यावी लागते. सर्व्हर चालू असताना ॲप नीट वागते, यात काहीच सिद्ध होत नाही. सर्व्हर नसताना, अर्धवट असताना, अतिशय संथ असताना ते कसे वागते हे बघावयाचे असते. यासाठी टायनीप्रॉक्सीचा सरळ स्वभाव पुरत नाही. तिथे आम्ही अभिनव सिंह यांनी पायथॉनमध्ये लिहिलेला प्रॉक्सी डॉट पाय घेतो, कारण त्यात आपल्या मर्जीचे लहानसे प्लगइन बसविता येते. नकार, मौन व अर्धे उत्तर असे अपयशाचे तीन प्रकार त्यात सहज उभे करता येतात. नकार सौम्य असतो: जोडणी झाली नाही, ॲपला तत्काळ कळले, त्याने तसे सांगितले. मौन फार वाईट: जोडणी होते, मागणी स्वीकारली जाते, आणि मग काहीच नाही. कितीतरी प्रोग्रॅम नकाराची तयारी ठेवतात पण मौनाला मुदत घालत नाहीत, आणि पडद्यावरचे चक्र फिरत राहते. मौनाला सीमा घालणे हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचे कर्तव्य आहे, ही गोष्ट पुस्तकातून पटत नाही. मध्ये एक मौनी मुखत्यार बसविला की अर्ध्या मिनिटात पटते.

परंतु सर्वांत बोधप्रद ठरले ते अर्धे उत्तर. फी भरण्याच्या चाचणीसाठी त्याच लॅपटॉपवर, साध्या, कुलूप न लावलेल्या एचटीटीपीवर बोलणारे एक नकली सेवाकेंद्र होते. प्लगइनला हुकूम असा दिला की मागणी पुढे सुखरूप जाऊ द्यावी, केंद्राने काम पुरे करून उत्तर पाठवावे, आणि ते उत्तर पक्षकाराच्या हाती पडण्याआधी जोडणी तोडावी. बहिणीने बटण दाबले. एका खिडकीत केंद्राच्या खात्यावर रक्कम जमा दिसली, दुसऱ्या खिडकीत ॲप म्हणाले की व्यवहार झाला नाही.

“काका, पैसे गेले, पावती पण फाटली, आणि आपल्या ॲपला पत्ताच नाही!”

“मग आता पुन्हा दाब.”

“पुन्हा दाबलं तर पुन्हा कापतील ना!”

“तेच बघायचंय.”

तिने पुन्हा दाबले आणि खात्यावर दुसरी रक्कम उभी राहिली. ज्या वकिलाचे पैसे खरोखरच असे दोनदा गेले असते, त्याने जिना चढून वर येऊन काय सुनावले असते, याची कल्पना दोघांनाही ताबडतोब आली. या रोगावरचा इलाज सर्वश्रुत आहे: व्यवहाराच्या आरंभीच ॲपने एक एकमेवाद्वितीय क्रमांक तयार करावा, प्रत्येक प्रयत्नात तोच क्रमांक पाठवावा, आणि केंद्राने तो पूर्वी आलेला असल्यास नवी रक्कम न कापता मागचेच उत्तर पुन्हा द्यावे. हा इलाज भावाला आधीपासून ठाऊक होता. तो आज करावयाचा की पुढच्या महिन्यात, एवढाच प्रश्न होता, आणि खात्यावरच्या त्या दोन रकमांनी तो निकालात काढला. दुरुस्तीनंतर तीच बेइमानी पुन्हा करविली तेव्हा खात्यावर रक्कम एकच राहिली.

मुखत्यार नेमला म्हणून प्रत्येक पक्षकार त्याच्याकडूनच जाईल असेही नाही. कर्ल हा प्रोग्रॅम ‘एचटीटीपी_प्रॉक्सी’ या पर्यावरणचलाचे नाव लहान लिपीत असेल तरच मानतो. मोठ्या अक्षरांत लिहिलेले त्याला मंजूर नाही. ही लहर नव्हे. वेबसर्व्हरवर जुन्या सीजीआय पद्धतीने चालणाऱ्या प्रोग्रॅमला येणारे हेडर ‘एचटीटीपी_’ हे पद पुढे लागून मोठ्या अक्षरांच्या चलात उतरते, आणि कोणी ‘प्रॉक्सी’ नावाचे हेडर धाडले की नेमके तेच नाव तयार होऊन सर्व्हरची बाहेर जाणारी बोलणी परक्या मुखत्याराच्या हाती जाऊ शकतात. २०१६ साली हा दोष ‘एचटीटीपॉक्सी’ या नावाने गाजला. जावाच्या प्रोग्रॅमला प्रॉक्सी निराळ्या पद्धतीने सांगावा लागतो. क्रोम तर लोकलहोस्टकडची मागणी प्रॉक्सीला वळसा घालूनच नेतो, आणि आपले नकली केंद्र त्याच यंत्रावर असले की बारनिशी कोरी राहते. त्यामुळे कोरी बारनिशी म्हणजे निर्दोष प्रोग्रॅम, असे अनुमान काढणे धोक्याचे. नोंद दिसत नसेल तर पक्षकार गप्प होता की मागच्या दाराने गेला, हे आधी ठरवावे लागते.

कुलूपबंद बोलणी उघडून वाचण्याचीही सोय आहे. २०१० च्या सुमारास आल्डो कोर्तेसी यांनी सुरू केलेला मिटमप्रॉक्सी स्वतःचे सर्टिफिकेट देणारे खाते काढून बसतो. ते खाते आपल्या यंत्राने विश्वासपात्र मानले, की तो प्रत्येक यजमानाच्या नावाचे तोतया सर्टिफिकेट जागच्या जागी तयार करून दोन्ही बाजूंशी स्वतंत्रपणे बोलतो, आणि मधला मजकूर त्याला उघड दिसतो. २०१६ साली आलेल्या अँड्रॉइड ७ पासून, वापरणाऱ्याने घातलेल्या अशा खात्यावर ॲपे आपणहून विश्वास ठेवीत नाहीत. लिहिणाऱ्याने चाचणीच्या आवृत्तीपुरती तशी परवानगी द्यावी लागते, आणि हा बंदोबस्त योग्यच आहे. ही विद्या आपल्याच ॲपवर, आपल्याच फोनवर, चाचणीच्या खोट्या माहितीनिशी चालवावी, आणि काम होताच ते सर्टिफिकेट फोनमधून काढून टाकावे. ज्याला सगळे वाचावयाची मुभा मिळाली, तो मुखत्यार राहत नाही. तो मालक होतो.

जिथे कचेरीच्या नेटवर्कलाच मोठा प्रॉक्सी असतो, तिथे टायनीप्रॉक्सीच्या फायलीत ‘अपस्ट्रीम’ ही ओळ घालून त्याला त्या थोरल्याकडे सोपवावे लागते, म्हणजे मुखत्याराचा मुखत्यार. ग्वाल्हेरच्या माणसाला या रचनेचे नवल वाटू नये. १७८४ साली बादशहा शाह आलम याने पेशव्यांना वकील-इ-मुतलक नेमले आणि महादजी शिंद्यांना त्यांचे नायब केले. बादशहाच्या नावाने पेशवे, व पेशव्यांच्या नावाने महादजी. कागदावर साखळी कितीही लांब असो, दिल्लीतला कारभार प्रत्यक्षात कोणाच्या हाती होता हे सर्वांना ठाऊक होते. नेटवर्कमध्येही तेच घडते: चूक झाली की ती कोणत्या कडीत झाली हे शोधावे लागते, आणि प्रत्येक कडीने आपले ‘व्हाया’ प्रामाणिकपणे जोडले असेल तरच तो शोध लागतो. पुष्कळजण ते हेडर गोपनीयतेखातर बंद ठेवतात. बाहेरच्या जगासाठी ते रास्त असेल. तपासणीत मात्र ते चालू ठेवावे, असा माझा आग्रह असतो.

या सगळ्या निरीक्षणातून मला मध्यस्थाच्या कामाविषयी एक गोष्ट पटली आहे. त्याचे सामर्थ्य त्याला किती कळते यात नाही; कुठपर्यंत कळावे हे ठरलेले असण्यात आहे. आपल्यापुरते काढणे, पक्षकाराचे न छेडणे, आपले नाव न लपविणे, आणि जिथे बघण्याचा अधिकार नाही तिथे निमूट वाहक होणे: या चार नियमांपैकी पहिल्याच्या अंमलबजावणीत एक चूक झाली तेव्हा एवढासा प्रोग्रॅम जगभर चर्चेचा विषय झाला, आणि चारही पाळले गेले तेव्हा त्याच्या रुक्ष बारनिशीवरून आम्हाला न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे मिळाली. लहान असल्यामुळेच त्याच्याकडून हे नियम पाळले जातात की नाहीत, हे आम्हाला पडताळून घेता आले.

म्हणून ॲप वकिलांच्या हाती देण्याआधीची शेवटची फेरी आम्ही त्याच्यावाचून घेतो. पर्यावरणचले पुसावयाची, फोनमधली प्रॉक्सीची सेटिंग काढावयाची, ८८८८ वर कोणी ऐकत नाही याची खात्री करावयाची, आणि मग सगळ्या चाचण्या पुन्हा थेट जोडणीवर चालवावयाच्या. मुखत्यार असताना व नसताना जे ॲप सारखेच वागते, तेच पुढे जाते. एखादी चाचणी फक्त त्याच्या हजेरीत यशस्वी होत असेल, तर ती पुन्हा भावाच्या टेबलावर येते.